न चाखता घातलेले मीठ

‘कल्पनाशक्ती’ हा शब्द आपल्याकडे चांदीच्या भांड्यांसारखा वरच्या फळीवर ठेवलेला असतो. कवी आला, नट आला, दिग्दर्शक आला की तो खाली काढायचा, पुसून त्यांच्यापुढे मांडायचा आणि पाहुणे गेले की पुन्हा फळीवर. रोजच्या वापराला पितळी शब्द आहेतच: सवय, हातगुण, भाबडेपणा. घरातल्या बाईने पन्नास पानांचा स्वयंपाक नुसत्या अंदाजाने उतरवला तर तो हातगुण. तिने देवापुढे हात जोडले तर तो भाबडेपणा. आणि सिनेमा पाहताना तिचे डोळे भरून आले तर तो बायकीपणा! या वाटणीविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती दिवाळीतच मांडायला हवी. कारण हा अंक ज्या घरांत जातो, त्यांतल्या पुष्कळ घरांत आजही बाहेरच्या खोलीत कोणीतरी कल्पनाशक्तीवरचा लेख वाचत असते आणि आतल्या खोलीत कोणीतरी ती प्रत्यक्ष वापरत असते.

मध्यंतरी इथे नाशिकला एका विद्वानांचे व्याख्यान ऐकले. विषय चित्रपटांचा होता. ते म्हणाले, आपल्याकडचे जुने पौराणिक चित्रपट भाबड्या लोकांनी भाबड्या लोकांसाठी काढले. त्यांत श्रद्धा होती, प्रतिभा नव्हती. आणि मग सभा हसवण्यासाठी त्यांनी जोड दिली की, पाकशास्त्राला कला म्हणणे म्हणजे कुलपाला तिजोरी म्हणणे! सभा हसली. मी काही हसले नाही. ज्या गावात ते बोलत होते त्या गावाचा इतिहासच त्यांच्या दोन्ही वाक्यांना खोटे पाडतो.

आधी स्वयंपाकाचे बोलू. अनारशाचेच घ्या ना. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून कापडावर पसरायचे आणि अंगात थोडा ओलावा आहे तोवरच कुटायचे. पिठात गूळ मिसळून गोळे डब्यात घालून ठेवायचे. पुढे काही दिवसांनी खसखशीवर थापून ते तुपात सोडायचे. तोवर कशाचाच पत्ता लागत नाही. ओल किंचित जास्त राहिली किंवा गूळ हातून सैल पडला, की अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून विरघळतो, आणि त्या हसण्याने करणारीला रडू येते. आता मला सांगा, आठ-दहा दिवसांपूर्वी ओलसर तांदूळ चिमटीत धरून जी बाई त्यात जाळी पडलेला, खुसखुशीत अनारसा पाहू शकते, तिच्या त्या पाहण्याला काय म्हणायचे? सवय? सवय मागचे सांगते. पुढचे दिसायला दुसरे काहीतरी लागते. पाककृतींची इतकी पुस्तके निघाली, वाट्या-चमच्यांची मापे आली, ग्रॅम आले. पण शेवटची ओळ अजून तीच आहे, ‘मीठ चवीप्रमाणे.’ इथे पुस्तक थांबते आणि जिच्या हाती पळी आहे तिच्यावर सारे सोपवून मोकळे होते.

याहून अवघड परीक्षा नैवेद्याची. आमच्याकडे, आणि महाराष्ट्रात अशा कितीतरी घरांत, नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाक चाखायचा नसतो. वरण, भाजी, कोशिंबीर, पुरण, एकाचीही चव जिभेला न लावता मीठ-गूळ घालायचे. शबरीचा दाखला देऊन सुटका करून घेणाऱ्या धीट सुना असतात, नाही असे नाही. पण बहुतेकजणी वासावरून, रंगावरून, उकळीच्या आवाजावरून ठरवतात आणि मीठ बरोबर पडते! इथे श्रद्धा आणि कल्पना वेगळ्या काढून दाखवा पाहू. श्रद्धा आहे म्हणून जिभेला बंदी आहे, आणि जिभेला बंदी आहे म्हणूनच कल्पनेला काम आहे.

आता सिनेमाकडे वळते, म्हणजे माझ्या गावाकडेच. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म आमच्या त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. आणि त्यांनी देह ठेवला तो नाशिकला, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता आणि यांना मनात राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या दिसू लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तोच चित्रपट पुन्हा पाहायला ते गेले तेव्हा बरोबर सरस्वतीबाई होत्या. भारतीय चित्रपटाचा उगम शोधायचा तर तो असा नवरा-बायकोच्या शहरातल्या एका फेरफटक्यात सापडतो. आपण ज्याला ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ म्हणतो, त्यातून काय निघेल हे सांगता येत नाही.

फाळके १९१२ साली विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दादरच्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. हे सारे मुलांच्या पाठ्यपुस्तकातले झाले. त्या दिवसांत सरस्वतीबाई काय करीत होत्या? साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होत्या. मंडळींचे कपडे धूत होत्या. चित्रीकरणाच्या वेळी ऊन नटांच्या तोंडावर पडावे म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या. आणि रात्री, कच्च्या फिल्मच्या कडांना भोके नसत म्हणून, ती अंधारात बसून हाताने पाडीत होत्या. रसायने कालवून फिल्म धूत होत्या.

अंधारात का? तर प्रकाशाचा कवडसा लागला की फिल्म वाया. म्हणजे पाहायचे नाही आणि काम मात्र बिनचूक करायचे. नैवेद्याच्या स्वयंपाकात जिभेला बंदी आणि या स्वयंपाकात डोळ्याला. रसायनांचे प्रमाण थोडे चुकले की दिवसभराचे चित्रीकरण अनारशासारखे हसणार! ज्या बाईने न चाखता मीठ घालायची विद्या माजघरात कमावली होती, तिलाच हे काम साधावे यात मला तरी नवल वाटत नाही. आमचे व्याख्याते ज्याला कुलूप म्हणत होते, त्याची किल्ली ही होती.

आणखी एक गंमत ऐका. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. सरस्वतीबाईंना विचारले, तर त्यांनी नकार दिला. एवढी सगळी कामे अंगावर असताना तारामती कधी व्हायचे? शेवटी तारामती सापडली ती ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात. अण्णा साळुंके तिथे काम करीत होते. भारतीय पडद्यावरची पहिली राणी अशी चुलीपुढून उठून आली. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या खऱ्या स्त्रिया पडद्यावर उभ्या राहिल्या. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये, १९१९ साली, फाळक्यांच्या लेकीने, मंदाकिनीने, कृष्ण केला. पुरुषाने केलेली सीता आणि मुलीने केलेला कृष्ण या देशाने हसतमुखाने स्वीकारला, आणि त्या देशाला म्हणे कल्पनाशक्ती नव्हती!

‘लंकादहन’ १९१७ चा. त्यात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून हात जोडीत, असे सांगतात. विद्वानांना हसू येते ते इथे. पण पडद्यावरच्या सीतेचे दंड पुरुषाचे आहेत, हे न कळण्याइतके आपले आजे-पणजे आंधळे नव्हते. ते फसले नव्हते; ते सामील झाले होते. चित्र अपुरे होते, मुके होते. उरलेले त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले. आज रंग आहे, आवाज आहे, सगळा सिनेमा हातातल्या फोनवर येतो आणि आपल्याला पदरचे काही घालावेच लागत नाही. मग अधिक कल्पक कोण, वहाणा काढून बसलेला तो प्रेक्षक, की तंगड्या पसरून बसलेले आपण?

मात्र कल्पनेची आरतीच ओवाळत बसायची माझी तयारी नाही. ती माणसे पुसूनही टाकते. पांडवलेणीच पाहा. ती लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. पण लोकांनी भिंतीवरचा लेख न वाचता तिथे पांडवांना वसवले आणि नाव पडले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मात्र सातवाहनांच्या घरातली गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई, आपण हे लेणे भिक्षुसंघाला दिले असे लिहवून घेऊन उभी आहे. एवढ्या शतकांपूर्वी एका बाईने आपले नाव दगडावर घातले, आणि आपण मुलांना भीमाच्या गोष्टी सांगत तिच्या दारावरून खाली उतरतो.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. असावेच, माणूस मोठाच होता. पण सरस्वतीबाईंचे आपण काय केले? त्यांची ‘पतिव्रता’ केली. ‘पतीच्या स्वप्नासाठी दागिने दिले’, एवढ्या एका वाक्यात ती बाई मिटवून ठेवली. दागिने कोणीही देईल हो! अंधारात बसून फिल्मला भोके कोण पाडील? त्यागाची स्तुती केली की कामाची मोजदाद करावी लागत नाही, ही आपली जुनी युक्ती. पतिव्रता म्हणजे सरस्वतीबाईंची पांडवलेणी: नाव गोड, पण ज्याचे आहे त्याचे नव्हे. मी त्यांना कारागीर म्हणते, तंत्रज्ञ म्हणते, आणि फळीवरचा तो चांदीचा शब्दही त्यांच्याचपुढे मांडते.

कोणी म्हणेल, ‘बाई, शंभर वर्षांपूर्वीचे हे भांडण आज कशाला?’ कारण ते आजचेच आहे. सणाला बाहेर जायचे ठरले की ‘तुम्ही पुढे व्हा, मी एवढे तळून येते’ असे म्हणणारी एकजण घरोघर आहे. पुष्कळदा ती येतच नाही. आली तरी हातात डबा, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, आणि चित्त घरी झाकून ठेवलेल्या दुधावर. सिनेमा कोणता पाहायचा हे तिला कोणी विचारीत नाही. परतल्यावर तो कसा होता, हेही नाही. विचारतात ते एवढेच की, आता जेवायला काय?

म्हणून या दिवाळीत माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली: एक दिवस डबा न करता तिला पांडवलेण्यांवर घेऊन जा. पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात मुलांना बलश्रीचे नाव सांगा. खाली उतरल्यावर पहिल्या सिनेमाची गोष्ट सांगा आणि तिच्या पहिल्याच वाक्यात फाळक्यांबरोबर सरस्वतीबाईंना घ्या, शेवटच्या वाक्यात नको. भूक लागेल तेव्हा गावात येऊन सगळ्यांनी मिसळ खावी. नाशिकला तिची काही वाण नाही. दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. फराळाच्या ताटातला अनारसा उचलताना ‘छान झालाय’ म्हणून गप्प बसू नका. तो कसा साधला ते विचारा, आणि ती सांगत असताना अंक मिटवून ठेवा.