आकडे भरणारे की गृहीतके ठरवणारे?



काही वर्षांपूर्वी वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. बी.कॉम. झालेला. फॅब्रिकेशनचे दुकान टाकायचे म्हणून त्याने बँकेत कर्ज मागितले होते. प्रकल्प अहवाल एजंटाला पैसे देऊन करून घेतलेला. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "तिसऱ्या वर्षी विक्री २५ टक्क्यांनी वाढेल, हे कशावरून?" पोराला उत्तर देता आले नाही. अहवालावर नाव त्याचे, पण आतला एकही आकडा त्याचा नव्हता. फाईल परत आली.

तिथे जात आडवी आलीच नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण समोर अगदी निःपक्षपाती माणूस बसला असता, तरी आपल्या पोराकडे उत्तर नव्हतेच. हा प्रश्न आपण चळवळीत किती दिवस टाळणार?

एक्सेल म्हणजे टायपिंगच्या पुढची पायरी, असा आपल्याकडे समज आहे. म्हणून आपली मुले एमएस-सीआयटी करतात, टॅली शिकतात आणि कुणाच्या तरी ऑफिसात व्हाउचरच्या नोंदी करत बसतात. त्याच ऑफिसात वरच्या केबिनमध्ये बसलेला माणूस तीच एक्सेल उघडून वेगळे काम करतो. पुढच्या ५ वर्षांत धंदा किती वाढेल, कर्ज किती पेलेल, कुठला विभाग बंद करायचा, हे तो मांडतो. याला फायनान्शियल मॉडेलिंग म्हणतात. खाली बसलेला आकडे भरतो, वर बसलेला गृहीतके ठरवतो. आणि सत्ता गृहीतके ठरवणाऱ्याकडे असते.

हे काम दिसते तेवढे अवघड नाही. त्याच दुकानाचे उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. कर्ज १० लाख, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षे. एक्सेलचे पीएमटी हे सूत्र सांगते, महिन्याचा हप्ता सुमारे २१,७४२ रुपये. म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ६१ हजार. वर्षाची विक्री २० लाख धरली. कच्चा माल विक्रीच्या ६० टक्के, म्हणजे १२ लाख. भाडे, पगार, वीज मिळून ४ लाख ७५ हजार. कर बाजूला ठेवला तर हातात उरतात ३ लाख २५ हजार. याला वर्षाच्या हप्त्यांनी भागले की १.२५ येते. बँकेच्या भाषेत हाच डीएससीआर, म्हणजे हप्ते फेडण्याची ताकद.

आता विक्रीचा आकडा फक्त १० टक्क्यांनी खाली आणा. विक्री १८ लाख, माल १० लाख ८० हजार. भाडे आणि पगार मात्र तेवढेच. हातात उरतात २ लाख ४५ हजार, म्हणजे हप्त्यांनाच सुमारे १६ हजार कमी पडतात. विक्री १० टक्क्यांनी घसरली आणि धंदा बुडीत निघाला! हे बँकेच्या साहेबाला दिसते. आपल्या पोराला ते कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी दिसले पाहिजे.

चांगल्या मॉडेलची शिस्तही साधी आहे. गृहीतके एका जागी, वेगळ्या रंगात. हिशेब दुसऱ्या जागी. सूत्राच्या पोटात आकडा लपवायचा नाही. नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तिन्ही पत्रके एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे एक आकडा बदलला की तिन्ही बदलतात. हे ज्याला जमते, त्याला समोरच्याच्या मॉडेलमधली लबाडीही पकडता येते.

याचा एक दाखला जगासमोर आहे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी मांडले की, देशावरचे कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेले की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांनी सरकारी खर्चात कपात करण्यासाठी हा निष्कर्ष हत्यारासारखा वापरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाईल मागवली. सरासरीच्या सूत्रात २० देशांपैकी ५ देश आलेच नव्हते. काही आकडे वगळलेले होते, भारांकनही वादग्रस्त होते. सगळे दुरुस्त केल्यावर वाढ निघाली अधिक २.२ टक्के. मोठ्या नावांपुढे तो विद्यार्थी दबला नाही, कारण त्याला शीट वाचता येत होती.

आपल्याला तर हा वारसा घरातूनच मिळाला आहे. बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर, १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांचे ग्रंथ आले. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. राज्यकर्त्यांच्या हिशेबाच्या वह्या उघडून त्यांना जाब विचारणारा हा माणूस होता. आपण त्यांच्या हातातले संविधान पाहतो, वह्या पाहत नाही.

आणि जाब विचारण्याची जागा आजही रिकामीच आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात असावा, हे तत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी मांडा, वजाबाकी करा. निधी कुठे अडला ते दिसते. मोर्चात घोषणा देणारे हजार असतील, पण हा तक्ता हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर बसणारे दहा तरी हवेत.

काही साथी म्हणतात, ही भांडवलदारांची हत्यारे आहेत. मग पाणी, शाळा, जमीन यांचे निर्णय ज्या शीटवर होतात, ती न वाचता आपण लढणार कशाने? दुसरीकडून सल्ला येतो, "आरक्षण सोडा, स्किल शिका." हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात ताळेबंदाच्या गप्पा जेवताना होतात. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. ते पिढ्यान्‌पिढ्या साचते आणि त्यालाच पुढे 'मेरिट' असे नाव मिळते. कौशल्य हा प्रतिनिधित्वाला पर्याय नाही. आपल्याला दोन्ही हवे आहे.

त्यासाठी महागड्या क्लासला हजारो रुपये मोजायची गरज नाही. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांची मूल्यांकनावरची व्याख्याने आणि शीट्स इंटरनेटवर मोफत आहेत. इंग्रजी अडते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून एकट्याने नाही, गटाने शिका. विहारात रविवारी वंदना झाल्यावर दोन तास आणि एक लॅपटॉप पुरतो. सुरुवात आपल्या जयंती उत्सवाच्या जमाखर्चापासून करा. मग बचतगटाची वही घ्या, मग ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक. वाणिज्य शाखेतल्या मुलामुलींनी पुढे व्हावे, आणि नोकरी लागलेल्यांनी वर्षभर एका तरी धाकट्या भावंडाला शिकवावे.

तो तरुण सध्या दुसऱ्याच्या दुकानात वेल्डिंग करतो. आम्ही त्याच्यासोबत नवा अहवाल करतो आहोत. या वेळी तिसऱ्या वर्षीची वाढ २५ नाही, ८ टक्के धरली आहे. का, ते त्याला सांगता येते.

जयभीम!