गोळीनंतरचें काम

मनोरुग्णालयांतून सुटी मिळाली, गोळ्यांची चिठ्ठी हातीं पडली, कीं रोगी बरा झाला, ही समजूत आमच्या सुशिक्षित घरांतही घट्ट रुतून बसली आहे. तिजवर आमचा स्पष्ट आक्षेप आहे. स्किझोफ्रेनियावरील औषधांनीं भास व संशय बहुधा ओसरतात. परंतु मंदावलेलें लक्ष, उणी झालेली स्मरणशक्ति, चारचौघांत बोलण्याची मोडलेली संवय हीं केवळ गोळीनें क्वचितच पूर्ववत् होतात. तेथें चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचें काम लागतें. काय शाबूत आहे व काय खचलें आहे हें तो चांचण्या घेऊन ठरवितो. वेळेवर उठण्यापासून दुकानांत मोड मोजून घेण्यापर्यंतच्या गोष्टी तुकड्यातुकड्यांनीं पुनः शिकवितो. यास ‘गोड बोलून धीर देणें’ म्हणून हिणविणारांनीं एकदां तें काम डोळ्यांनीं पाहावें.

आणि घरचीं माणसें? ज्या घरांत रोग्याला सतत टोमणे मिळतात, अथवा त्याची नको तितकी काळजी वाहिली जाते, तेथें रोग अधिक वेळां उलटतो, असें लंडन येथें जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें. आमच्याकडे ‘एवढा शिकून घरीं बसला’ हें वाक्य दिवसांतून किती वेळां उच्चारलें जातें, याचा हिशेब वाचकांनींच करावा. घरच्यांना शिकविणें हाही या शास्त्राचाच भाग आहे. पण त्या बैठकीस यावयास आमच्या गृहस्थांना सवड नसते. (आजार लपवून लग्न जुळवावयास मात्र असते!)

सरकारचा दोष याहून लहान नाहीं. घरच्यांनीं टाकलें, किंवा बाहेर राहण्याची सोय नाहीं, एवढ्याच कारणावरून कोणासही रुग्णालयांत ठेवूं नये, असें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचें १९ वें कलम सांगतें. तरीही महाराष्ट्राच्या मनोरुग्णालयांत बरीं झालेलीं माणसें वर्षानुवर्षें अडकून पडल्याची गोष्ट २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें चर्चिली गेलीच. नुसतें दार उघडून काय होणार? बाहेर निवारा हवा, काम हवें, आणि नेमानें विचारपूस करणारा शिकलेला माणूस हवा. या विषयाचें रीतसर शिक्षण बंगळूरास १९५५ सालींच सुरू झालें. पण तालुक्याच्या गांवीं असा माणूस आजही दुर्मिळ. पुनर्वसनाची योजना लेखी केल्यावांचून, व ती पाहणारा मानसशास्त्रज्ञ नेमल्यावांचून, एकाही रोग्यास घरीं धाडूं नये, ही आमची मागणी आहे. आणि खाटा वाढविण्याच्या घोषणेनें आम्ही ती मागें घेणार नाहीं.