झाड आमचं, हातोडा त्यांचा



आधी घरचं सांगतो, मग कायद्याचं. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमची दीड एकर वरकस. कुळकायद्यात आज्याला मिळालेली. बांधावरचे साग आज्यानं लावले. बापानं तारापूरच्या कारखान्यांत हमाली करत ते राखले. घराचं आढं मोडलं तेव्हा बापानं पाच साग पाडले. तिसऱ्या दिवशी लाकूड जप्त. पंचनामा झाला, ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के बसले. बाप म्हणाला, "साहेब, झाडं माझ्याच बापानं लावलीत." साहेब म्हणाला, "कागद दाखव." लाकूड डेपोत कुजलं. आढ्याला आम्ही लोखंडी पाइप टाकला.

१९६४ च्या झाडतोड कायद्याप्रमाणं परवानगी लागते, ती बापानं काढली नव्हती. चूक मान्य. पण परवानगी नाही म्हणून झाडच आमचं नाही, हे कुठलं गणित?

ते गणित इंग्रजाचं. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ६९. वनउपज सरकारची का खाजगी असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईस्तोवर ती सरकारचीच धरायची. खुनाच्या आरोपीला निर्दोष धरतात, आमचा साग मात्र चोरीचा. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. ही त्याच डोक्याची करामत.

मग आणीबाणीत, ३० ऑगस्ट १९७५ ला, महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा लागू झाला. राज्यातली खाजगी वनं एका दिवसात सरकारजमा. कसणाऱ्याची, कमाल मर्यादेच्या आतली जमीन वगळली. १९७८ साली १२ हेक्टरपर्यंत परत द्यायची तरतूदही घातली. उद्देशिकेत तर ग्रामीण जनतेची स्थिती सुधारू, वनाचा काही भाग तिला देऊ, असं छापलंय. वाचून हसू येतं.

जंगलमालकांच्या रडण्यात मात्र मी सूर मिसळणार नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेतजमीन सरकारनं ताब्यात घ्यावी असंच मांडलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला पडीक सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या म्हणून लोक तुरुंगात नेले. सरकारनं घेतलं याचं दुखणं नाही. घेतलं आणि आम्हाला दिलं नाही, वर आमचंच उचललं, हे दुखणं.

आता याच कायद्याची दुसरी बाजू बघा. गोदरेज अँड बॉइसच्या विक्रोळीच्या जमिनीवर १९५० च्या दशकातल्या, कलम ३५(३) खालच्या नोटिशीच्या जोरावर सरकारनं 'खाजगी वन' म्हणून हक्क सांगितला. हायकोर्टात २००८ ला कंपनी हरली. सुप्रीम कोर्टात ३० जानेवारी २०१४ ला जिंकली. कोर्ट म्हणालं, नोटीस नुसती काढून चालत नाही, ती मालकाला बजावली पाहिजे, त्याचं ऐकलं पाहिजे, दशकानुदशकं लटकत ठेवता येत नाही. निकाल चांगला आहे, आपल्यालाही लागू पडतो. पण तो पालघरच्या कुठल्या झोपडीत पोचला? कंपनीकडं वकील होते. बापाकडं रोजगार बुडवून जायचं भाडंसुद्धा नव्हतं.

आणि सातबाऱ्यावर 'वन' चढलंच, तर २००६ च्या वनहक्क कायद्याची तऱ्हा ऐका. आदिवासी नसलेल्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हंजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करायची. १९३० साली महारवाड्याला कोण कागद देत होतं रे? म्हाताऱ्यांची साक्ष चालते असं नियम सांगतो. ऐकणारा कान सापडला तर.

शिबिरात आपण घोषणा पाठ करतो. जरा सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचायला शिका. 'वन' लिहिलंय तिथं कोणत्या फेरफारानं लिहिलं, नोटीस कधी निघाली, कुणाला बजावली, ते तलाठ्याला विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे.

बापाच्या पंचनाम्याची नक्कल मी मागितलीय. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, फाइल सापडत नाही. दुसरा अर्ज परवा टाकला.