पेरोनीज आजाराचं ऑपरेशन: "सरळ करून देतो" एवढं सांगणं पुरेसं नाही

ताठरता आल्यावर लिंग एका बाजूला वाकतं, कातडीखाली कडक गाठ हाताला लागते, कधी दुखतं. ही तक्रार असलेला पुरुष बहुतेक वेळा आधी कुणालाच सांगत नाही. मग भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवतो, तेल आणतो, चूर्ण खातो. वर्ष-दीड वर्ष गेल्यावर तो युरॉलॉजिस्टकडे पोचतो आणि तिथे त्याला पाच मिनिटांत उत्तर मिळतं, "ऑपरेशन करू, सरळ होईल."

माझं म्हणणं असं आहे की या माणसाची दोनदा फसवणूक होते. पहिल्यांदा जाहिरातवाला करतो, खोटं सांगून. दुसऱ्यांदा आम्ही डॉक्टर करतो, अर्धं सांगून. आणि या दोघांनाही सोपं जावं अशी लाज आपण घराघरांत जपून ठेवली आहे. हा लेख या तिन्ही गोष्टींच्या विरोधात आहे. ऑपरेशनच्या विरोधात नाही.

आधी आजार समजून घ्या

लिंगाच्या आत रक्ताने भरणारे दोन लांबट भाग असतात आणि त्यांच्याभोवती एक मजबूत पण ताणलं जाणारं आवरण असतं. संबंधाच्या वेळी लिंग मुडपलं, दबलं की या आवरणाला बारीक इजा होते. अनेकदा ती लक्षातही येत नाही. बहुतेकांची जखम नीट भरते. काहींच्या शरीरात मात्र तिथे जाड, न ताणला जाणारा व्रण तयार होतो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूला जाड पॅच लावा आणि हवा भरा. ट्यूब पॅचच्या बाजूला वाकते. इथेही तेच होतं.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी 1743 साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. म्हणजे आजार नवा नाही आणि मोबाइलमुळे आलेलाही नाही. तो दुर्मिळही नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत प्रौढ पुरुषांमध्ये 3 ते 9 टक्क्यांच्या आसपास प्रमाण आढळलं आहे. चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, पण तरुणांनाही होतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये आणि तळहाताची बोटं हळूहळू आत वाकणारा डुपुट्रेन नावाचा आजार असणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळतो.

हा कॅन्सर नाही. हा संसर्गजन्य गुप्तरोग नाही. बाहेरख्यालीपणाची शिक्षा नाही आणि लहानपणीच्या हस्तमैथुनाचं फळही नाही. पत्नीला यापासून काहीही लागण होत नाही.

भिंतीवरचे वैद्य

एसटी स्टँडमागच्या भिंती आणि लोकलचे डबे "मर्दानी ताकद", "टेढेपणावर खात्रीचा इलाज" अशा जाहिरातींनी भरलेले असतात. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात 1954 च्या कायद्याने बंद आहे. औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा तो कायदा. सत्तर वर्षं झाली, भिंती तशाच आहेत. कारण सोपं आहे. फसलेला गिऱ्हाईक तक्रार करायला जाणारच नाही, याची जाहिरातवाल्याला खात्री असते.

तेलाने हा व्रण विरघळत नाही. जोरात चोळून, ताठ लिंग हाताने उलट दिशेला वाकवून ते सरळ होत नाही. उलट नवी इजा होते आणि व्रण वाढू शकतो. वाकवताना "कट्" असा आवाज आला, ताठरता एकदम गेली आणि लिंग काळंनिळं होऊन सुजलं तर आवरण फाटलेलं असू शकतं. ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी हॉस्पिटलात जा.

पण फक्त भिंतीवरच्या वैद्यांना झोडपून चालणार नाही. "व्हिटॅमिन ई घ्या, बघू" असं म्हणून महिनोन्महिने गोळ्या देणारे आमच्यातही आहेत. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारासाठी व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन आणि ओमेगा-3 देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. शॉकवेव्हमुळे दुखणं कमी होऊ शकतं, पण बाक कमी करण्यासाठी ती वापरू नये, असंही त्याच सूचना सांगतात. काही निवडक रुग्णांना गाठीत इंजेक्शन देण्याचा फायदा होतो. तेवढं सांगावं. त्यापलीकडे "पॅकेज" विकलं जात असेल तर तुम्ही उठून यावं.

ऑपरेशन कधी, हे कॅलेंडर ठरवतं

या आजाराचे दोन टप्पे असतात. पहिल्यात दुखतं, गाठ आणि बाक बदलत राहतात. हा टप्पा बरेचदा वर्षभर, कधी दीड वर्ष चालतो. दुसऱ्यात दुखणं थांबतं आणि बाक स्थिर होतो. दुखणं बहुतेकांचं आपोआप जातं. बाक मात्र काही थोड्यांचाच आपोआप कमी होतो. बाकीच्यांचा तसाच राहतो किंवा वाढतो.

पहिल्या टप्प्यात ऑपरेशन करणं म्हणजे भिंत ओली असताना रंग देणं. आज सरळ केलेलं उद्या पुन्हा वाकू शकतं. म्हणून आजार सुरू होऊन साधारण वर्ष झालेलं असावं आणि शेवटचे तीन ते सहा महिने बाकात काही बदल नसावा, मगच ऑपरेशनचा विचार करायचा. "पुढच्या आठवड्यात तारीख मोकळी आहे" हे ऑपरेशनचं कारण असू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक बाकाला ऑपरेशन लागत नाही. बाक थोडा आहे, संबंध नीट होतात, दोघांनाही त्रास नाही, तर काहीही न करणं हा योग्य निर्णय आहे. पण संबंध अशक्य झालेल्या माणसाला "वय झालं, आता काय करायचं आहे" असं सांगणारा डॉक्टर उपचार करत नाही, तो हाकलून देतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाचा गुडघा बदलताना आपण असं म्हणतो का?

तीन ऑपरेशनं आणि प्रत्येकाची किंमत

पहिलं प्लिकेशन. यात बाकाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे चांगल्या लांब बाजूला टाके घालून ती आखूड करतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की लिंग सरळ. हे तुलनेने सोपं, भरवशाचं आणि ताठरता टिकवणारं ऑपरेशन आहे. किंमत काय? लांबी कमी होते, साधारण एक-दोन सेंटिमीटर. बाक जास्त असेल तर जास्तही. टाक्यांच्या गाठी कातडीखाली हाताला लागू शकतात.

दुसरं ग्राफ्ट. बाक साठ अंशांपेक्षा जास्त असेल किंवा लिंग मध्येच डमरूसारखं बारीक झालं असेल तर व्रणाची जागा कापून तिथे शिरेचा किंवा दुसऱ्या ऊतीचा तुकडा शिवतात. लांबी जास्त वाचते. किंमत म्हणजे नंतर ताठरता कमी होण्याचा धोका प्लिकेशनपेक्षा जास्त असतो. ज्याची ताठरता आधीच कमजोर आहे त्याला हे ऑपरेशन करू नये.

तिसरं इम्प्लांट. बाक आहे, ताठरताही येत नाही आणि गोळ्यांनीही काम होत नाही, अशांसाठी आत कृत्रिम दांडी किंवा फुगवता येणारी नळी बसवतात. खर्च मोठा असतो, संसर्ग झाला तर काढावं लागतं आणि एकदा बसवलं की नैसर्गिक ताठरतेकडे परत जाता येत नाही. योग्य माणसासाठी मात्र हेच सगळ्यांत समाधानकारक ठरू शकतं.

तिन्ही ऑपरेशनांत टोकाची संवेदना काही काळ कमी होऊ शकते. बहुतेकांची काही महिन्यांत परत येते, काहींची पूर्ण येत नाही. आणि "सरळ" म्हणजे फूटपट्टीसारखं सरळ नव्हे. वीसेक अंशांच्या आत बाक राहिला आणि संबंध विनात्रास होत असेल तर ते ऑपरेशन यशस्वी समजतात.

हे सगळं ऑपरेशनआधी सांगितलं जातं का? अनेकदा नाही. "इतकं सांगितलं तर पेशंट घाबरतो," असं आमच्याकडची मंडळी म्हणतात. मला हे पटत नाही. आधी कळलेली दोन सेंटिमीटर माणूस पचवतो. नंतर कळलेली दोन सेंटिमीटर त्याला फसवणूक वाटते, आणि तो चुकीचं बोलत नसतो. आजारामुळे लांबी आधीच थोडी कमी झालेली असते. म्हणून ऑपरेशनआधी लिंग ताणून मोजलेली लांबी केसपेपरवर लिहून घ्या. ताठरतेची तपासणीही इंजेक्शन देऊन, डॉपलर सोनोग्राफीसह झालेली असावी. बाक किती अंशांचा आहे हे न मोजता तारीख देणाऱ्याकडे ऑपरेशन करू नका.

बरं होणं टाके सुकल्यावर संपत नाही

बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. सूज आणि काळंनिळंपणा आठवडा-दोन आठवडे राहतो, बघून धक्का बसतो, पण तो अपेक्षित असतो. अनेकदा सुंताही सोबत करावी लागते, हे आधी विचारून घ्या. पहाटेची ताठरता येते आणि दुखते. घाबरू नका, ती टाके तोडत नाही, रक्तपुरवठा चांगला असल्याचं ते लक्षण आहे. लघवी करून आलात की कमी होते.

संबंध आणि हस्तमैथुन साधारण सहा आठवडे बंद. ग्राफ्टनंतर दोनेक आठवड्यांनी हलका मसाज आणि ताण देण्याचे व्यायाम, रात्री कमी डोसची गोळी, कधी ताण देणारं उपकरण सांगतात. ते डॉक्टरने सांगितल्यावर आणि सांगितलं तसंच करायचं. खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी कळतो. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहून निकाल लावू नका.

ताप, पू, न थांबणारं रक्त, वाढत जाणारी सूज, लघवी अडणं किंवा टोक काळं पडणं यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी फोन करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते ऑपरेशनआधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर आटोक्यात आणा. तंबाखू आणि सिगारेट थांबवा. जखम भरण्यात यांचा मोठा वाटा असतो.

आणि आता लाज

घरी "हर्नियाचं ऑपरेशन झालं" किंवा "मुतखडा काढला" असं सांगितलं जातं. सासूबाईंना, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पत्नीलाही तेच सांगणार असाल तर थांबा. सहा आठवडे जवळ न येणाऱ्या नवऱ्याबद्दल ती काय समजेल? दोन खोल्यांच्या घरात ड्रेसिंग लपवत, कुणाची मदत न घेता, चौथ्या दिवशी बस पकडून कामावर जाणाऱ्याची जखम कशी भरेल? नंतर भीतीपोटी संबंध टाळले जातात, तिला वाटतं मन उडालं, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही संसार सुधारत नाही.

या आजारातल्या पुरुषांच्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांमध्ये उपचार लागावेत इतकं नैराश्य आढळलं. हे तुमच्या स्वभावाचं दुबळेपण नाही, हा आजाराचाच भाग आहे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

र. धों. कर्वे यांनी 1927 साली मुंबईत "समाजस्वास्थ्य" मासिक सुरू केलं आणि या विषयांवर सरळ मराठीत लिहिलं. त्यासाठी त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. जवळपास शंभर वर्षांनंतर तुम्हाला कोर्टात जायचं नाही. फक्त ओपीडीचं दार बंद झाल्यावर खरं बोलायचं आहे.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा:

1. माझा बाक किती अंशांचा आहे आणि तो स्थिर झाला आहे हे कशावरून?
2. माझ्यासाठी तिन्हींपैकी हेच ऑपरेशन का?
3. माझी लांबी अंदाजे किती कमी होईल?
4. ताठरता आणि संवेदना यांना किती धोका आहे?
5. ऑपरेशननंतर कोणत्या दिवशी काय करायचं, हे लिहून द्याल का?

जमलं तर पत्नीला सोबत न्या. या पाच प्रश्नांची शांतपणे उत्तरं देणारा डॉक्टर मिळाला तर ऑपरेशनला घाबरण्याचं कारण नाही. उत्तरं देताना तो चिडला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. हा आजार एका महिन्याने जीव घेत नाही, तेवढा वेळ तुमच्याकडे नक्की आहे.