शहरातली पोरं वारली शिकायला पाड्यावर, आपली पोरं वॉटर पार्कला! सहलीचा हा हिशोब कुणी घातला?

डिसेंबर-जानेवारीत मुंबई-अहमदाबाद हायवेवर थोडा वेळ उभं राहून बघा. मुंबई-ठाण्याकडून शाळांच्या एसी बस आपल्या जिल्ह्याकडं येतात. त्यातली बरीच पोरं डहाणू, विक्रमगड, जव्हारच्या बाजूला 'वारली वर्कशॉप'ला आलेली असतात. कलाकाराच्या पडवीत नाहीतर एखाद्या रिसॉर्टच्या मंडपात बसून दोन त्रिकोण जोडून माणूस कसा काढायचा ते शिकतात, कागद गुंडाळून घरी घेऊन जातात. त्याच वेळी आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या बस उलट दिशेनं निघालेल्या असतात. कुठं? वॉटर पार्क, किल्ला, फारच झालं तर मुंबईचं म्युझियम.

सहलीला जाऊ नये असं कुणीच म्हणत नाही. पोरांनी समुद्र बघावा, किल्ला चढावा, पाण्यात डुंबावं. पण ज्या कलेसाठी लोक शंभर किलोमीटर गाडी हाकत येतात, ती कला शिकवणारा माणूस आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आणि आपल्या पोरांनी त्याच्या पडवीत बसून एकदाही काडी धरलेली नसते. हे का होतं, ते नीट बघायला पाहिजे. कारण पैसा हे उत्तर सगळे पटकन देतात, आणि ते अर्धंच खरं आहे.

आधी पैशाचंच बघू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संमिश्र अनुदान मिळतं, ते ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार असं ठरलेलं आहे. पाड्यावरच्या बहुतेक शाळा या दोन गटांतच बसतात. त्या १० हजारांत लाईट बिल, खडू, तुटलेली खिडकी, साफसफाई सगळं. सहलीला त्यातून रुपया निघत नाही, म्हणून वर्गणी पालकांकडून. एसटी शाळेच्या सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी प्रवेश तिकीट, जेवण धरून आकडा असा होतो की वर्गातली निम्मी पोरं नाव देत नाहीत. जी देत नाहीत त्यांची यादी करून बघा, तीच पोरं दरवर्षी मागं राहिलेली दिसतील.

आता कलाकाराच्या घरी न्यायला काय लागतं? गेरू बाजारात मिळतो. तांदळाचं पीठ घरात असतं. ब्रश लागत नाही, बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. कागद नसेल तर जुन्या पुठ्ठ्याला गेरू फासला तरी चालतं. गाडी नको, कारण चालतच जायचंय. खर्च एकच, शिकवणाऱ्याचं मानधन.

आणि इथंच आपण कमी पडतो. शहरातल्या शाळेनं बोलावलं की कलाकाराला पैसे मिळतात. गावातल्या शाळेनं बोलावलं की 'आपलीच पोरं आहेत, या जरा' असं म्हणून शाल-नारळावर काम भागवलं जातं. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. माती उचलणाऱ्याला सरकार तेवढं देतं. मग दिवसभर चाळीस पोरांना हात धरून शिकवणाऱ्या माणसाला त्याच्याहून कमी का? निदान गवंड्याच्या रोजाइतकं तरी मिळायला हवं. फुकट बोलावलं की तो माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा त्याला काम निघतं. त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

हा पैसा कुठून आणायचा? पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे सगळे पेसाचे तालुके. हा निधी कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते आणि त्यात शिक्षणाचाही मथळा आहे. कलाकाराचे चार दिवसांचे मानधन त्या निधीपुढे किती ते सरपंचांना विचारा. बहुतेक गावांत तो निधी रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक यातच जातो, कारण ग्रामसभेत शाळेचा विषय कुणी मांडतच नाही. शाळेचे गुरुजी ग्रामसभेला येतात, पण खालमानेनं बसतात. येऊन-जाऊन बदलीचा माणूस, तो कशाला वाद ओढवून घेईल?

दुसरं कारण नियमाचं आहे. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक पाहिजे. पण कधी? पट १०० च्या वर असेल तर. आपल्या पाड्यावरची शाळा चौथी नाहीतर पाचवीपर्यंत, पट वीस-पंचवीस. म्हणजे कायदा आपल्या दारावरून पुढं निघून जातो. चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो, प्रत्यक्षात त्या तासाला गणित उरकलं जातं, नाहीतर गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसतात आणि पोरांना सांगतात, काढा तुम्हाला काय काढायचं ते. मग पोरं काय काढतात? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, नारळाचं झाड. नारळाचं झाड मोखाड्यात कुणाच्या दारात आहे हो?

याचा फटका पुढं दहावीला बसतो, हे पालकांनी लक्षात घ्यावं. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कला संचालनालय घेतं. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीत ७ वाढीव गुण, बी ला ५, सी ला ३. शहरातल्या शाळेत कलाशिक्षक असतो, तो पोरांना बसवतो आणि गुण घेऊन देतो. आपल्याकडच्या अनेक शाळांत ही परीक्षा असते हेच पोरांना माहीत नसतं. अकरावीच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशाच्या यादीत सात गुणांनी नाव कुठं सरकतं ते ज्याचं पोरगं वेटिंगवर राहिलं त्यालाच विचारा. वारलीचे त्रिकोण-वर्तुळ काढून ही परीक्षा पास होत नाही, तिचा अभ्यासक्रम वेगळा आहे. पण ज्या पोराचा हातच कधी कागदावर फिरला नाही, ते फॉर्म भरायला तरी पुढं येईल का?

तिसरं कारण आपल्या डोक्यातलं. 'आपलीच कला, त्यात काय शिकायचं? ते तर पोरांच्या रक्तात आहे.' हे वाक्य पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, पुढारी तर स्टेजवरून म्हणतात. रक्तात काही नसतं. भिंतीवर असतं, आणि ती भिंत गेली.

जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं सारवलेलं. लग्न निघालं की भिंत गेरूनं रंगवायची आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा. मधे पालघट देवी, बाजूनं झाडं, नाच, वाजंत्री. धवलेरी गाणं म्हणणार, तेव्हा लग्न लागणार. घरातली पोर दोन दिवस ते बघत बसायची, मावशीच्या हातातली काडी ओढून घ्यायची, फटका खायची आणि शिकायची. आता घरकुल आलं. पक्कं घर झालं हे चांगलंच झालं, पावसात गळणाऱ्या घराची आठवण कुणाला गोड लागत नाही. पण सिमेंटच्या भिंतीवर ऑइल पेंट आणि लग्नात डिजिटल बॅनर. पोर शिकणार कुठं? आज आठ-दहा वर्षांच्या पोरानं वारली चित्र पहिल्यांदा कुठं बघितलं असं विचारलं, तर हायवेच्या हॉटेलची भिंत नाहीतर चहाचा मग असं उत्तर येतं.

म्हणून शाळेनं पोरांना न्यायला पाहिजे. पूर्वी घर शिकवायचं ते आता घर शिकवत नाही.

ही कला बाहेर गेली ती पाड्यावरूनच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यावर येऊन कागद आणि रंग हातात दिले, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. २०१४ ला वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हाही झाला. जीआयचा फायदा असा की नोंदणी केलेला कलाकार आपल्या मालावर ते चिन्ह लावू शकतो, कारखान्यात छापलेल्या साडीपेक्षा आपलं काम वेगळं दाखवू शकतो. पण नोंदणी करायला कलाकार तर पाहिजेत. आज जे हात काम करतात त्यातले कितीतरी पन्नाशीच्या पुढचे. पुढची पिढी बोईसरच्या कंपनीत कंत्राटावर. मग जीआयचं सर्टिफिकेट कुणाच्या कामाचं?

सरकारी कागदावर या सगळ्याला वाट आहे, हे मुद्दाम सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे आणि त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा गावातल्या कारागिरांकडं पाठवायचं, असं लिहिलंय. आपल्या राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आला. म्हणजे दिवस मिळाला, कारण मिळालं, वरून आदेशही आहे. तरी बऱ्याच शाळांत शनिवार म्हणजे कवायत, गोष्ट आणि मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकलेला फोटो.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर सहल म्हटलं की शाळेच्या पोटात गोळा येतो. परवानग्या, पालकांची संमतीपत्रं, सोबत बाई शिक्षक, प्रथमोपचार पेटी. दोन शिक्षकी शाळेत एक जण पोरं घेऊन गेला तर उरलेले वर्ग कोण बघणार? आणि काही झालं तर निलंबन ठरलेलं. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. पण पाड्याच्या पलीकडं पायी जाणं आणि बस करून समुद्रावर जाणं यात फरक आहे. गावातल्या भेटीला नेमका कोणता कागद लागतो ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आधीच विचारून घेतलं, तर अर्धी भीती तिथंच जाईल. दुसरा मार्गही आहे. पोरं जाऊ शकत नसतील तर कलाकाराला शाळेत आणा आणि शाळेचीच एक भिंत द्या. मात्र ठेकेदाराकडून कार्टून रंगवून घेतलेली भिंत पुसावी लागेल, त्याला मुख्याध्यापक तयार पाहिजेत.

आता वेळेचं. सगळ्या सहली दिवाळीनंतर निघतात. आपल्याकडं त्याच वेळेला काय होतं? भात झोडून झालं की कुटुंबं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईच्या बाजूला. काही पोरं आईबापाबरोबर जातात, शिक्षण हमी कार्ड हातात घेऊन नाहीतर तेही न घेता. म्हणजे ज्या पोराला शाळेची गोडी लागायची सगळ्यात जास्त गरज, ते सहलीच्या दिवशी भट्टीवर विटा उलट्या-पालट्या करत असतं. कला केंद्राची भेट डिसेंबरात ठेवली तर तीही त्याच पोरांना चुकणार. लावणी उरकल्यावर आणि कापणीच्या आधी, सप्टेंबरच्या आसपास ठेवली तर पट पूर्ण असतो, मोठी माणसंही थोडी मोकळी असतात. पाऊस असेल, चिखल असेल, पण चिखलाची सवय शहरातल्या पोरांना नसते, आपल्या पोरांना आहे.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. कलाकार म्हटलं की आपण पुरुषांनाच बोलावतो, कारण प्रदर्शनाला, मुंबई-दिल्लीला तेच गेले. मूळ चौक लिहिणाऱ्या बायका. गावात अजून अशा आज्या आहेत ज्यांनी कागदावर कधी काढलं नाही, विकलं नाही, पण कुठल्या लग्नात काय लिहायचं आणि ते का, हे त्यांना पाठ आहे. त्यांना बोलावलं तर पोरांना चित्रामागची गोष्ट कळेल. फक्त चौक हा देवाचा आहे, तो कुठंही, कुणीही, कधीही लिहायचा नसतो असं त्या सांगतील, तर ते ऐकायचं. पोरांकडून झाडं, पक्षी, तारपा, शेत काढून घ्या. पालघट देवी पुठ्ठ्यावर काढून शाळेच्या गॅदरिंगला टांगायची की नाही, ते आजीला विचारल्याशिवाय गुरुजींनी ठरवू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असायलाच पाहिजेत, हा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टरवर घरी जाऊन सह्या घेतल्या जातात. पुढच्या बैठकीला सही करायच्या आधी एवढंच विचारा: आपल्या गावात चित्र काढणारे कोण कोण आहेत, त्यातल्या कुणाला शाळेनं आजवर बोलावलं, आणि त्यांना किती पैसे दिले. सहलीची वर्गणी यंदा किती ठरली आणि कुणाकुणाची पोरं मागं राहिली, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या. ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली असते.