वहीवरची बाकी

कोरोनाच्या महासाथीत ‘गल्लीतल्या दुकानदाराकडून घ्या’ म्हणणाऱ्यांना एक उत्तर हमखास मिळायचं, आजही मिळतं. ग्राहकाने भावनेच्या भरात खरेदी का करावी? स्वस्त मिळेल तिथे घ्यावं. जो धंदा टिकणार नाही तो बुडेल, बाजार असाच चालतो. शिवाय याच दुकानदारांनी अडलेल्या लोकांना लुटलं आणि वर सरकारचं पॅकेजही घेतलं. आता आणखी काय द्यायचं?

या आक्षेपांना मी हलकं लेखत नाही. पगार अर्ध्यावर आलेल्या घरात किलोमागे वाचलेले दोन रुपयेही मोलाचे होते. पण पहिलं गृहीतकच चुकीचं आहे. ही दुकानं स्पर्धेत हरून बंद पडली नाहीत, ती आदेशाने बंद केली गेली. टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, त्या दिवशी गुढीपाडवा होता. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ला आला, तेव्हाही राज्य सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांखाली राज्यभर कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकानं बंद होती. ज्याचं वर्ष पाडवा, अक्षय्य तृतीया, लग्नसराई आणि जूनमधल्या शाळेच्या खरेदीवर निघतं, त्याचे सलग दोन हंगाम गेले. गाळ्याचं भाडं आणि कर्जावरचं व्याज मात्र चालूच राहिलं.

साथ रोखायला बंदी हवी होती, हे मला मान्य आहे. पण ती सर्वांना सारखी हवी होती. ५ एप्रिल २०२१पासूनच्या आदेशात ई-कॉमर्सला सकाळी सात ते रात्री आठपर्यंत मुभा होती. साड्यांच्या दुकानाचं शटर खाली आणि त्याच गल्लीत साडीचं पार्सल घरपोच, अशी स्थिती होती. ती मुभा जीवनावश्यक वस्तूंपुरती आणायला आठवडा उलटावा लागला. आदल्या वर्षी केंद्रानेही ई-कॉमर्सला २० एप्रिलपासून सगळ्याच वस्तू विकायची परवानगी देऊ केली होती. व्यापाऱ्यांनी विरोध केला तेव्हा १९ तारखेला ती मागे घेतली गेली. इतकी उघड गोष्ट आदेश लिहितानाच दिसायला हवी होती.

लुटीचं म्हणाल तर काहींनी नफेखोरी केली, यात शंका नाही. म्हणूनच २१ मार्च २०२० रोजी केंद्राला तीन पदरी मास्कचा दर दहा रुपये आणि २०० मिली सॅनिटायझरचा शंभर रुपये असा बांधावा लागला. त्याहून जास्त घेणाऱ्यावर कारवाईच हवी. पण चढ्या भावाने भाजी विकणारा प्रत्येक हातगाडीवाला चोर ठरत नाही. त्या एप्रिलमध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातला फळभाज्यांचा बाजार बंद झाला होता. माल मिळेल तिथून आणायचा, टेम्पोवाला मागेल ते भाडं द्यायचं आणि ठरलेल्या तासांत विकला न गेलेला माल टाकून द्यायचा, हा सगळा खर्च त्या भावात होता.

आता पॅकेज. मे २०२०मध्ये जाहीर झालेली तीन लाख कोटींची योजना ही कर्जाची हमी होती, आणि तीही २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर आधीच कर्ज होतं त्याच्यासाठी, त्या बाकीच्या २० टक्क्यांपर्यंत. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या पैशांवर दुकान चालवलं, त्याच्या हाती काहीच पडलं नाही. पथविक्रेत्यांना स्वनिधी योजनेतून दहा हजार मिळाले, तेही कर्जच. राज्याने २०२१मध्ये दीड हजारांचं अनुदान दिलं ते परवानाधारक फेरीवाल्यांना. परवान्याशिवाय पोट भरणारे कितीतरी त्यातही बाहेर राहिले. किरकोळ व्यापाराला सूक्ष्म-लघु उद्योगांत जागा मिळाली ती थेट २ जुलै २०२१ला, दुसरी लाट ओसरताना, आणि तीही फक्त अग्रक्रमाच्या कर्जापुरती.

आणि याच माणसांनी आपल्याला काय दिलं? माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट उधारी. ज्याची मजुरी थांबली, ज्याच्या कारखान्याने पगार रोखला, त्याला वाण्याने आधार कार्ड न मागता, हमी न मागता, नुसत्या तोंडओळखीवर पीठ, तेल, डाळ दिली. घरात रुग्ण आहे म्हटल्यावर पिशवी दाराबाहेर ठेवून तो निघून गेला. घाऊक व्यापारी मात्र त्याच्याकडे रोख मागत होता. म्हणजे आपल्या वहीवर चढलेली रक्कम त्याच्या भांडवलातून गेली. कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या उद्योजकाला ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क २००६च्या कायद्याने दिला आहे. आपल्या घरी किराणा पोचवणाऱ्याला असं कोणतंही संरक्षण नाही, त्याची वसुली आपल्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. त्याच्याकडून घेणं म्हणजे उपकार करणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती वही एकदा उघडून पाहावी.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. पुढच्या साथीत वस्तूंवर बंदी आली तर ती दुकान आणि ॲप दोघांनाही एकाच दिवसापासून लागू व्हावी. बंद ठेवलेल्या काळाचं भाडं आणि विजेचा स्थिर आकार यांसाठी कर्जाऐवजी अनुदान द्यावं. परवाना नसलेल्या विक्रेत्यांची नोंदणी आत्ताच, साथ नसताना, पूर्ण करावी. आणि तुमच्या घरची त्या दोन वर्षांतली बाकी अजून कुणाच्या वहीवर असेल, तर ती या महिन्यात चुकती करा.