टक्का सैनिकाचा, कात्री सरकारची

मंडळी, गेले दोन लेख पावसाचे आणि माथेरानच्या गाडीचे झाले. आज विषय जरा कडू आहे. पेन्शनीच्या गोष्टींचा कंटाळा येतो त्यांनी इथूनच रजा घेतली तरी मला राग नाही. पण आपल्या नात्यागोत्यात फौजेतली तीन माणसं आहेत, आणि हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी एखादं तरी असेलच. म्हणून वाचाच, असा आग्रह.

सैनिकाला नोकरीत इजा झाली किंवा आजार जडला, की सुटताना लष्करी डॉक्टरांचं मंडळ त्याला तपासतं आणि अपंगत्वाचा टक्का लिहितं. तेच मंडळ दुसरंही एक मत देतं: हे अपंगत्व नोकरीमुळे आलं की नाही, किंवा नोकरीमुळे वाढलं की नाही. या दोन ओळींवर पुढचं सगळं आयुष्य. माझं म्हणणं सरळ आहे. माणसाला समोर बसवून लिहिलेला टक्का त्या सैनिकाचा असतो. तो खाली आणायचा असेल तर कारण सरकारने सिद्ध करावं, सैनिकाने नव्हे. आणि ही गोष्ट सरकारी पत्रात नाही, तर कायद्यात लिहिलेली असावी.

टक्क्याने एवढा काय फरक पडतो, असं विचाराल. मी मराठीची बाई, गणिताची नव्हे, पण एवढं गणित मलाही येतं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये. शंभर टक्क्यांना १२,००० झाले. वीस टक्क्यांना २,४००. पण ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने ठरवलं, की पन्नासच्या आतला टक्का पन्नास धरायचा, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर असेल तर १००. म्हणजे वीसवाल्याला ६,०००. आणि नोकरी पुरी करून सुटलेल्या माणसाच्या कागदावर वीसऐवजी एकोणीस पडले तर? शून्य! एका टक्क्यासाठी महिन्याचे सहा हजार, तेही मरेपर्यंत. आता सांगा, मंडळाच्या कागदावर 'पंधरा ते एकोणीस टक्के' असं इतक्या वेळा का दिसतं, याचा संशय एखाद्या जवानाला आला तर त्याला वेडा म्हणायचं का?

माझा एक जुना विद्यार्थी, नाव लिहीत नाही, उंचावरच्या थंडीत वर्षं काढून परत आला. एक कान जवळजवळ गेलेला, कंबर कामातून गेलेली. फाईल घेऊन घरी आला. "बाई, हे इंग्रजी काय आहे ते वाचा ना." वाचलं. पंधरा ते एकोणीस टक्के, आणि पुढे चार अक्षरं, ज्यांचा उच्चार होतो 'नाना'. म्हणजे नोकरीमुळे आलेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. आमच्याकडे नाना म्हणजे घरातलं आदराचं माणूस. फौजेच्या कागदात नाना आले की पेन्शन गेली! एका कार्यालयात तर त्याला ऐकवलं, "हातपाय तर धड दिसतायत की तुमचे." हे ऐकून मला जो संताप आला, त्यातून हा लेख आला आहे.

पूर्वी याहून वाईट होतं, हेही सांगायला हवं. तेव्हा टक्का ठरला तरी काही वर्षांसाठीच. मग पुन्हा बोलावणं, पुन्हा मंडळ. जवान शेतीत, वॉचमनच्या नोकरीत थोडा रुळला, की मंडळाला तो 'सुधारलेला' दिसायचा आणि वीसच्या खाली उतरायचा. कहर म्हणजे, डॉक्टरांनी टक्का लिहिला तरी पेन्शनच्या हिशेबाच्या अलाहाबादच्या कचेरीत कागद बघून तो बदलला जाई. रोगी बघायचा नाही, नाडी धरायची नाही, नुसता कागद उलटायचा. उंटावरून शेळ्या हाकणे याचं इतकं चपखल उदाहरण मला चाळीस वर्षांत वर्गात सापडलं नव्हतं! शेवटी १९९३ साली माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वरच्या मंडळाकडून माणसाला पुन्हा तपासून घेतल्याशिवाय हिशेब खात्याला डॉक्टरांचं मत फिरवता येणार नाही. हे सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागावं?

मग ७ फेब्रुवारी २००१ चं पत्र निघालं. कायमच्या अपंगत्वाची फेरतपासणी बंद. एकदा ठरलं ते जन्मभर, सैनिकाने स्वतःहून मागितली तरच पुन्हा तपासणी. चांगलं पत्र. ज्यांनी काढलं त्यांना मनापासून नमस्कार.

दुसरी लढाई 'नाना'ची. सिग्नल्सचे शिपाई धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फेफऱ्यामुळे त्यांना घरी पाठवलं. टक्के वीस, पण मत असं की आजार शरीरातलाच, फौजेचा संबंध नाही. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते प्रत्येक सैनिकाच्या घरात माहीत असायला हवं. भरतीच्या वेळी तुम्हीच त्याला तपासून निरोगी म्हणून घेतला. तेव्हाच्या कागदावर आजाराची नोंद नाही. मग नंतर जे झालं ते नोकरीतच झालं असं धरलं पाहिजे. तसं नाही म्हणायचं असेल तर पुरावा सरकारने द्यावा, मंडळाने कारणं लिहावीत, आणि शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा. आमच्या शेतावरच्या गड्यालाही हे पटेल. धडधाकट बैल नेलात आणि लंगडा परत आणलात, तर बैल मुळातच लंगडा होता हे तुम्ही सिद्ध करा ना!

डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या निकालात न्यायालयाने आणखी सांगितलं, की पन्नास-पंचाहत्तरचा तो फायदा मध्येच घरी पाठवलेल्यांनाच नाही, तर नोकरी पुरी केलेल्यांनाही द्या. सरकारची शेकडो अपिलं एका झटक्यात निकालात निघाली. शेकडो! एवढ्या सैनिकांविरुद्ध त्यांचंच सरकार दिल्लीत उभं होतं. आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. अपंग सैनिकांविरुद्धची अपिलं आवरा, हाच तिच्या सांगण्याचा एक मोठा भाग होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ठाण्यात वकिली सुरू केलेले न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने एका शहीद जवानाच्या विधवेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत ओढल्याबद्दल सरकारला ५०,००० रुपये द्यायला लावले. तो खटला कुटुंब निवृत्तिवेतनाचा होता, पण खोड तीच. आमच्या नेरळहून मुंबईच्या सैन्यदल न्यायाधिकरणाकडे जायचं तर लोकलने दोन तास. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला, कर्जत-खोपोली-पेण करत अख्खा दिवस जातो. कंबर गेलेल्या माणसाने हे करायचं, तिथे जिंकायचं, आणि मग सरकारने म्हणायचं, "आता दिल्लीला या."

आता २०२३. या वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे नियम आले. उच्च रक्तदाबासारख्या आजारांचे टक्के खाली आले. आणि आजार असूनही नोकरीत राहिलेल्यांना जे मिळायचं त्याचं नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं. आधी सुटलेल्यांना हे लागू नाही, असं सरकारने सांगितलं आहे, ते मान्य. पण भाषा शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मी शब्दांपाशी अडते. जो पेन्शनचा भाग होता तो 'रिलीफ' झाला. पेन्शन कमावलेली असते. रिलीफ पूर आल्यावर वाटतात. हक्काचा शब्द काढून मदतीचा शब्द घातला, की पुढच्या कात्रीची सोय होते. शब्द कधीच उगाच बदलत नाहीत.

दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. महालेखापालांच्या २०२३ साली मांडलेल्या अहवालात होतं, की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाची रक्कम मिळते, आणि जवानांपैकी १५ ते १८ टक्क्यांना. प्रश्न पडतो खरा. खंदकात कोण जास्त झोपतो? निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब मोजून घेणारे काही महाभाग असतीलही. त्यांना पकडा, जरूर पकडा. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरवर आणि घेणाऱ्यावर खटला भरा. पण आकडे नीट वाचा. जास्त टक्का वरच्यांचा आहे, आणि नियम कडक झाले की पहिला मार खालच्याला बसतो. अधिकाऱ्याला इंग्रजी येतं, वकील परवडतो. माझा विद्यार्थी फाईल घेऊन मराठीच्या बाईकडे येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"काम तर करतोय की, मग अपंग कसला?" हाही प्रश्न नेहमीचा. त्याला उत्तर म्हणजे आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात तशीच राहिली. त्यांनी पोहायला घेतलं आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पुढे नोकरीही केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ते पोहले म्हणून कण्यातली गोळी विरघळली का? टक्का हा शरीराने काय गमावलं त्याचा हिशेब आहे. उरलेल्या शरीराने माणूस काय कमावतो, ती त्याची मर्दुमकी. तिच्यावर सरकारचा डोळा नसावा.

अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलेली एक गोष्ट पटली. तिथेही टक्के आहेत, फेरतपासण्या आहेत, सैनिकांच्या तक्रारीही भरपूर आहेत. पण एक टक्का सलग वीस वर्षं चालू राहिला, की लबाडी सिद्ध झाल्याशिवाय तो खाली आणता येत नाही. आणि हे तिथल्या कायद्यात आहे. आपलं २००१ चं पत्र यापेक्षा उदार आहे, वीस वर्षं थांबायलाही लावत नाही. पण ते पत्र आहे! पत्राला दुसऱ्या पत्राने उत्तर देता येतं. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी टक्केवारीच मोडून सरसकट ठरीव रकमा आणायचं घाटलं होतं, मे २०१७ मध्ये पुन्हा टक्केवारीवर आले. २०१९ मध्ये आयकर खात्याने परिपत्रक काढलं, की करमाफी फक्त मध्येच घरी पाठवलेल्यांना. २०२३ चं वर सांगितलंच. दर दोन-चार वर्षांनी नवा कागद, आणि दर वेळी म्हाताऱ्या जवानाच्या पोटात गोळा.

म्हणून मागणी एवढीच. ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रातलं वचन आणि २०१३ च्या निकालातलं तत्त्व संसदेने कायद्यात लिहावं. लबाडी सोडून कोणत्याही कारणाने टक्का खाली येणार नाही. शंकेचा फायदा सैनिकाला मिळेल. 'नाना' लिहायचं असेल तर मंडळाने कारण लिहावं, आणि ते सैनिकाला कळेल अशा भाषेत असावं. यात तिजोरीला भोक पडावं असं काय आहे?

तोवर माझ्या फौजी भाचे-पुतण्यांना बाईंच्या अधिकाराने दोन सूचना. सुटतानाच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदांची पूर्ण प्रत, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश यांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवा. एक स्वतःकडे, एक बायकोकडे आणि एक गावाबाहेरच्या बहिणीकडे. आणि कुणी सांगितलं म्हणून फेरतपासणीचा अर्ज देऊ नका. तपासणी तुम्हीच मागितली तर टक्का वर जाईल तसा खालीही येऊ शकतो. आधी जाणत्या माणसाला विचारा, मग सही करा.

गरज सरो वैद्य मरो ही म्हण मी मुलांना समजावताना माणसाचा कृतघ्नपणा असा अर्थ सांगत असे. देशाच्या बाबतीत तो अर्थ लागू पडू नये, एवढंच म्हणणं आहे. माझ्या विद्यार्थ्याचं अपील आता गेलं आहे. अर्जाचं मराठी त्याने माझ्याकडून तपासून घेतलं आणि इंग्रजी त्याच्या मुलीने केलं. निकाल लागला की कळवीनच.

असो. फार लिहिलं. तुमच्या घरात कुणाचा असा अनुभव असेल तर जरूर कळवा. आणि पटलं नसेल तर तसंही लिहा, वाद घालायला मला अजून आवडतं.